प्रत्येक मुलामागे भत्ता : ब्रिटनच्या अनुभवाचा अभ्यास

एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर, सारखेच तास राबणाऱ्या दोन कामगारांना पगाराच्या दिवशी सारखीच रक्कम मिळते. ती तशी मिळणे न्याय्यही आहे. परंतु त्यांतील एक एकटा असतो, तर दुसऱ्याच्या घरी पत्नी व चार मुले असतात. मजुरी कामावर ठरते. घरखर्च मात्र खाणारी तोंडे किती यावर ठरतो. हे अंतर कोणी भरून काढावयाचे, हा प्रश्न औद्योगिक समाजांपुढे प्रथम तीव्रतेने उभा राहिला. तेथे मुलांना शेतावर किंवा घरच्या धंद्यात हातभार लावण्यास वाव राहिला नाही आणि शिक्षण सक्तीचे झाल्यावर मूल ही अनेक वर्षे केवळ खर्चाची बाब ठरली. ब्रिटनने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे आईबापांचे उत्पन्न न विचारता प्रत्येक मुलामागे दिला जाणारा भत्ता. हे उत्तर पूर्णपणे अंमलात येण्यास सुमारे साठ वर्षे लागली आणि पुढे त्याची काटछाटही झाली. ही हकीकत गावपातळीवर कल्याणकारी योजना राबविणाऱ्यांनी समजून घ्यावी अशी आहे. कारण तिच्यातील बहुतेक वाद आपल्याकडील याद्या, दाखले आणि अटी यांच्याशी मिळतेजुळते आहेत.

यॉर्कमधील पाहणी

१८९९ साली सीबोम राउंट्री या चॉकलेटच्या कारखानदार घराण्यातील गृहस्थांनी इंग्लंडमधील यॉर्क शहरातील कामगारवस्तीची घरोघर पाहणी करविली. ११,५६० कुटुंबांची माहिती गोळा झाली आणि तिच्यावर आधारलेला ग्रंथ १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरातील सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात आढळले. ज्या कुटुंबांचे उत्पन्न केवळ शरीर धडधाकट ठेवण्यासही अपुरे होते, त्यांच्या बाबतीत राउंट्री यांनी कारणांची फोड केली. निम्म्याहून थोड्या अधिक ठिकाणी कारण होते कमी मजुरी. सुमारे २२ टक्के ठिकाणी कारण होते मुलांची संख्या. बेकारीचा वाटा त्या वर्षी अगदीच किरकोळ निघाला. म्हणजे ही माणसे आळशी नव्हती, व्यसनी असल्यामुळे दरिद्री झालेली नव्हती. ती कामावर जात होती आणि तरीही घर चालत नव्हते.

राउंट्री यांचे दुसरे निरीक्षण अधिक महत्त्वाचे आहे. मजुराच्या आयुष्यात टंचाई आणि बरी स्थिती आळीपाळीने येतात, असे त्यांना दिसले. बालपणी टंचाई, स्वतः व भावंडे कमावू लागली की बरे दिवस, लग्न होऊन दोनतीन मुले झाली की पुन्हा टंचाई, ती मुले कमावती झाली की थोडी उसंत, आणि म्हातारपणी पुन्हा हलाखी. दारिद्र्यरेषा ही गावाला दोन भागांत कायमची विभागणारी भिंत नसून बहुसंख्य श्रमिक कुटुंबे जिच्या अलीकडे पलीकडे ये-जा करतात अशी ती एक ओढ्याची धार आहे. एका विशिष्ट दिवशी केलेली गरिबांची यादी ही त्या दिवसापुरतीच खरी असते. ज्या घरी पुढच्या वर्षी तिसरे मूल येणार आहे ते घर तिच्यात नसते. शिवाय टंचाईचा काळ नेमका मूल लहान असताना, त्याची हाडे व बुद्धी घडत असतानाच येतो.

रॅथबोनबाईंचा आग्रह

या निरीक्षणातून धोरण काढण्याचे श्रेय प्रामुख्याने एलिनॉर रॅथबोन यांना जाते. लिव्हरपूलच्या एका सधन व्यापारी घराण्यात १८७२ साली त्यांचा जन्म झाला. १९०९ मध्ये त्या लिव्हरपूल नगर परिषदेवर अपक्ष म्हणून निवडून आल्या. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या पत्नींना सरकारकडून दर आठवड्यास निर्वाहभत्ता मिळू लागला आणि तो मुलांच्या संख्येप्रमाणे वाढत असे. लिव्हरपूलमध्ये या वाटपाचे काम पाहताना रॅथबोनबाईंना एक गोष्ट जाणवली. नवरा रणांगणावर, बाजारात महागाई, आणि तरीही अनेक घरांतील मुले पूर्वीपेक्षा बरी खाऊ लागली होती. पैसा नियमित येत होता, तो कुटुंबाच्या आकाराप्रमाणे येत होता, आणि तो आईच्या हाती येत होता.

१९१७ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह या प्रश्नासाठी समिती स्थापन केली. १९२४ मध्ये त्यांचा 'द डिसइनहेरिटेड फॅमिली' हा ग्रंथ निघाला. पुरुषाची मजुरी पत्नी व तीन मुले पोसण्याइतकी असावी, ही त्या काळच्या कामगार चळवळीची मागणी होती. रॅथबोनबाईंनी तिच्यातील विसंगती आकड्यांनी दाखविली. बहुसंख्य पुरुषांना कोणत्याही एका वेळी तीन मुले नसतातच. काहींना एकही नसते, काहींना पाचसहा असतात. सर्वांना तीन मुलांची मजुरी द्यावयाची म्हणजे जी मुले अस्तित्वात नाहीत त्यांच्यासाठी पैसे द्यावयाचे आणि जी आहेत त्यांना उपाशी ठेवावयाचे. शिवाय 'पुरुषाला संसार असतो' या सबबीवर स्त्रियांना त्याच कामाचे कमी वेतन मिळे, तो अन्याय वेगळाच.

या बाईंचा भारताशीही संबंध आला, परंतु तो फारसा सुखाचा नव्हता. येथील बालविवाहांविषयी त्यांनी आवाज उठविला, १९३४ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. तत्पूर्वी १९२९ साली लंडनमध्ये त्यांनी भारतीय स्त्रियांच्या प्रश्नांवर भरविलेल्या परिषदेत धन्वंती रामा राव यांनी उभे राहून, आमच्या समाजाच्या सुधारणेचे काम आमचे आम्ही करू, तुम्हास हा अधिकार कोणी दिला, अशा आशयाची हरकत घेतली होती. याच धन्वंती रामा राव यांनी पुढे १९४९ मध्ये मुंबईत भारतीय कुटुंब नियोजन संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. दुसऱ्याच्या घरातील दारिद्र्याबद्दल बोलताना त्या घरातील माणसांना आधी विचारावे, हा धडा बहुधा मदत देणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा शिकावा लागतो.

स्वदेशात त्यांच्या मागणीला सर्वांत कडवा विरोध झाला तो कामगार संघटनांकडून. भत्ता मिळू लागला की मालक मजुरी कमी करतील, अशी भीती संघटनांना वाटे, आणि ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. १९३० मध्ये संघटनांच्या मध्यवर्ती मंडळाने रोख भत्त्याला नकार दिला. हा विरोध मावळण्यास १९४२ साल उजाडावे लागले.

मंगळवार, ६ ऑगस्ट १९४६

दुसऱ्या महायुद्धाने चित्र बदलले. युद्धाचा खर्च भागविण्याविषयी १९४० मध्ये लिहिताना अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी प्रत्येक मुलामागे आठवड्यास ५ शिलिंग भत्ता सुचविला. सरसकट मजुरीवाढ दिली तर भाववाढ होईल, त्यापेक्षा गरज आहे त्या घरी पैसा जावा, हा त्यांचा हिशेब. डिसेंबर १९४२ च्या बेव्हरिज अहवालाने सामाजिक विम्याच्या संपूर्ण योजनेच्या मुळाशी जी तीन गृहीते धरली त्यांतील पहिले मुलांच्या भत्त्याचे होते. त्यामागे एक व्यवहारी कारणही होते. बेकाराला मुलांच्या संख्येप्रमाणे मदत आणि कमावत्याला मात्र मुलांसाठी काहीच नाही, अशी स्थिती राहिली तर मोठ्या कुटुंबाच्या माणसास कामावर जाण्यापेक्षा घरी बसणे परवडू लागते. कामावर असताना व नसताना सारखाच मिळणारा भत्ता हा यावरचा उपाय होता.

१९४५ मध्ये कुटुंब भत्ता विधेयक आले तेव्हा त्यात रक्कम बापाची मानली होती. रॅथबोनबाई १९२९ पासून पार्लमेंटच्या सदस्य होत्या. हे कलम राहिले तर ज्या विधेयकासाठी अर्धे आयुष्य घालविले त्याच्याच विरुद्ध आपण मत देऊ, असे त्यांनी बजावले. अखेर पक्षादेश बाजूस ठेवून मुक्त मतदान झाले आणि भत्ता आईचा ठरला. पोस्टातून तो दोघांपैकी कोणीही उचलावा, अशी मुभा राहिली. जून १९४५ मध्ये कायदा झाला. पहिले वाटप मंगळवार, ६ ऑगस्ट १९४६ रोजी झाले आणि पुढे अनेक वर्षे मंगळवार हा तेथील गृहिणींचा भत्त्याचा वार बनला. रॅथबोनबाई मात्र त्याच वर्षी २ जानेवारीस निवर्तल्या होत्या.

व्यवस्था साधी होती. आईच्या नावे एक पुस्तक येई. त्यातील त्या त्या आठवड्याचे पान पोस्टाच्या खिडकीत दिले की रोख रक्कम मिळे. त्याच खिडकीशी डॉक्टरची पत्नी व हमालाची पत्नी एकाच रांगेत उभ्या राहत. हातातील पुस्तकावरून कोण गरीब हे ओळखता येत नसे. ब्रिटनमधील सामान्य माणसाच्या दृष्टीने याचे मोल मोठे होते. १९३१ नंतरच्या मंदीत बेकारांना मदत देण्यापूर्वी अधिकारी घरी येऊन सामानसुमान तपासत, कमावत्या मुलीची मजुरी बापाच्या मदतीतून वजा करीत. त्या चौकशीची आठवण त्या पिढीच्या मनातून कधीच गेली नाही.

उणिवाही होत्या. रक्कम आठवड्यास ५ शिलिंग होती; तत्कालीन दराने ती ३ रुपये ५ आणे ४ पै भरते. बेव्हरिज यांनी सरासरी ८ शिलिंग सुचविले होते. फरकापोटी शाळेत दूध व जेवण मिळेल असे सरकारने सांगितले. खर्च वाचविण्यासाठी पहिले मूल योजनेतून वगळले गेले. आणि रक्कम महागाईशी जोडलेली नसल्यामुळे तिची किंमत हळूहळू झिजत गेली. १९५२ मध्ये ती ८ शिलिंग झाली, तीही अन्नधान्यावरील अनुदान कमी केल्याची भरपाई म्हणून.

निवडक मदतीचा प्रयोग

कल्याणकारी राज्य आले, आता दारिद्र्य संपले, अशी समजूत १९५० नंतर पसरली होती. १९६५ च्या डिसेंबरमध्ये ब्रायन एबल-स्मिथ व पीटर टाउनसेंड या अभ्यासकांनी ती दूर केली. त्यांच्या हिशेबाप्रमाणे १९६० साली सुमारे ७५ लाख लोक दारिद्र्यात होते आणि त्यांत सुमारे साडेबावीस लाख मुले होती. यांतील अनेक घरांत कर्ता पुरुष पूर्णवेळ नोकरीवर होता. राउंट्री यांना जे दिसले तेच पुन्हा दिसले. त्याच वर्षी बालदारिद्र्याविरुद्ध काम करणारा 'चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुप' स्थापन झाला.

सरकारपुढे दोन मार्ग होते. सर्व मुलांचा भत्ता वाढवावयाचा, किंवा केवळ गरजू कुटुंबे निवडून त्यांना पैसा द्यावयाचा. १९७१ मध्ये दुसरा मार्ग निवडला गेला. अल्प वेतनावर काम करणाऱ्या, मुले असलेल्या कुटुंबांनी अर्ज करावा, वेतनाचा पुरावा जोडावा आणि ठरीव पातळी व प्रत्यक्ष उत्पन्न यांतील फरकाची निम्मी रक्कम घ्यावी, अशी ही योजना. कागदावर ती निर्दोष होती. एक पौंडही श्रीमंताकडे जाणार नव्हता. पात्र कुटुंबांपैकी ८५ टक्के तिचा लाभ घेतील, अशी अपेक्षा ठेवून जाहिराती दिल्या गेल्या. प्रत्यक्षात पहिल्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास कुटुंबेच पुढे आली. उरलेल्यांना काही वेळा योजना ठाऊक नव्हती, काहींना अर्ज समजला नाही, काहींना मालकाकडून वेतनाचा पुरावा मागावयाचा म्हणजे आपले दारिद्र्य जाहीर करावयाचे, हे नको होते. जो भत्ता सर्वांना मिळत होता तो मात्र जवळजवळ प्रत्येक पात्र घरी पोहोचत होता.

दुसरा दोष अधिक खोल होता. वेतन एक पौंडाने वाढले की ही मदत अर्ध्या पौंडाने घटे. त्यावर प्राप्तिकर व विम्याची वर्गणी कापली जाई. उत्पन्नाची मर्यादा ओलांडली तर मुलांचे शाळेतील मोफत जेवणही बंद होई. जादा तास राबून मजुराच्या हाती जवळजवळ काहीच उरत नसे. यालाच तेथील अभ्यासकांनी दारिद्र्याचा सापळा असे नाव दिले. केवळ गरिबांसाठी असलेल्या योजनेतून बाहेर पडण्याचा दंड गरिबालाच भरावा लागतो, हे या प्रकारच्या सर्व योजनांचे अंगभूत लक्षण आहे. अधिकाऱ्यांच्या चांगुलपणाने ते जात नाही.

खिशातून बटव्यात

यावर तोडगा म्हणून १९७५ मध्ये बालभत्ता कायदा संमत झाला. त्याची कल्पना समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. १९०९ पासून प्राप्तिकर भरणाऱ्या बापाला मुलांमागे करात सूट मिळत असे. श्रीमंताला ही सूट अधिक फायद्याची, कर न भरणाऱ्या गरिबाला तिचा काहीच उपयोग नाही. म्हणजे सधनांच्या मुलांना सरकारी मदत पूर्वीपासून मिळतच होती, फक्त ती कोणाला दिसत नव्हती. नव्या कायद्याने ही करसूट व जुना कुटुंब भत्ता एकत्र करून, पहिल्या मुलासह प्रत्येक मुलामागे सारखी रक्कम रोखीने आईला द्यावयाचे ठरविले. बापाच्या पगाराच्या पाकिटातून पैसा निघून आईच्या बटव्यात जाणार होता.

हाच मुद्दा राजकीयदृष्ट्या अवघड ठरला. पुरुष कामगारांच्या हाती पडणारे वेतन कमी दिसेल, ते वेतन-नियंत्रणाच्या काळात संघटना सहन करणार नाहीत, या कारणास्तव मे १९७६ मध्ये मंत्रिमंडळाने योजना लांबणीवर टाकली. जूनमध्ये 'न्यू सोसायटी' या साप्ताहिकात चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुपचे संचालक फ्रँक फील्ड यांनी मंत्रिमंडळाच्या गोपनीय कागदपत्रांवर आधारलेला लेख प्रसिद्ध करून आतील चर्चा उघड केली. मोठा गदारोळ झाला. कागद कोणी बाहेर दिले याचा तपास झाला, पण त्या वेळी तो निष्फळ ठरला. पुढे खासदार व मंत्री झालेले माल्कम विक्स हे त्या वेळी सरकारी नोकरीत होते आणि कागद त्यांनीच दिले होते, हे त्यांच्या मृत्यूनंतर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींतून कळले. गौप्यभंगाचे समर्थन शासकीय सेवकांपुढे करणे उचित नाही. परंतु त्या लेखानंतर सरकारला माघार घ्यावी लागली, हेही नोंदविले पाहिजे. एप्रिल १९७७ पासून टप्प्याटप्प्याने भत्ता सुरू झाला आणि एप्रिल १९७९ मध्ये प्रत्येक मुलामागे आठवड्यास ४ पौंड मिळू लागले.

पैसा आईच्या हाती गेल्याने खरोखर फरक पडतो काय? नवराबायकोचा पैसा अखेर एकच, असा युक्तिवाद अनेक अर्थशास्त्रज्ञ करीत. शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलक व टेरेन्स वेल्स या तिघांनी या बदलाच्या आधीच्या व नंतरच्या कुटुंबखर्चाच्या पाहण्या ताडून पाहिल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष मांडला. घरात येणारी एकूण रक्कम फारशी बदलली नव्हती. बदलला होता तो हात. तरीही पुरुषांच्या कपड्यांवरील खर्चाच्या तुलनेत स्त्रियांच्या व मुलांच्या कपड्यांवरील खर्च स्पष्टपणे वाढला होता.

श्रीमंताला कशासाठी

सार्वत्रिक भत्त्यावर सर्वत्र घेतला जाणारा आक्षेप हाच. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. एका वाडीत प्रत्येकी एक मूल असलेली दहा कुटुंबे आहेत आणि त्यांतील तीन गरीब आहेत, असे धरू. प्रत्येकास १०० रुपये दिले तर हजार रुपये लागतील. उरलेल्या सात सधन कुटुंबांकडून कराच्या रूपाने प्रत्येकी १०० रुपये अधिक घेतले की खजिन्यावरील निव्वळ भार ३०० रुपयेच राहतो. केवळ तीन गरिबांना वाटले असते तरी तेवढाच राहिला असता. फरक आहे तो चुकीचा भार कोणावर पडतो यात. निवड देताना केली तर चूक झाल्यास गरीब मूल उपाशी राहते. निवड कर घेताना केली तर चूक झाल्यास एखाद्या सधनाकडून १०० रुपये कमी वसूल होतात. अर्थात आपल्या देशात प्राप्तिकर भरणाऱ्यांची संख्या लोकसंख्येच्या मानाने थोडी असल्यामुळे ही वसुली ब्रिटनइतकी सरळ होणार नाही, ही अडचण खरी आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

ब्रिटनने स्वतःच पुढे हे तत्त्व सोडले. जानेवारी २०१३ पासून आईबापांपैकी एकाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० पौंडांहून अधिक असेल तर भत्ता करातून क्रमाक्रमाने परत घेतला जाऊ लागला आणि ६०,००० पौंडांशी तो पूर्ण संपे. वसुली करातूनच होती, परंतु मोजले जाई ते कुटुंबाचे नव्हे तर एका व्यक्तीचे उत्पन्न. प्रत्येकी ४९,००० कमावणाऱ्या दांपत्याचा भत्ता पूर्ण राही. एकट्याने ६०,००० कमावून घर चालविणाऱ्याचा पूर्ण जाई. अनेक घरांनी कटकट नको म्हणून अर्ज करणेच सोडले. मुले सांभाळण्यासाठी घरी राहणाऱ्या आईची निवृत्तिवेतनाची वर्षे या अर्जामुळेच मोजली जातात, हे त्यांतील अनेकांच्या लक्षात आले नाही. एप्रिल २०२४ मध्ये या मर्यादा ६०,००० व ८०,००० पौंडांवर नेण्यात आल्या. एका व्यक्तीचे उत्पन्न मोजण्याची पद्धत कायम राहिली. मधल्या दशकात भत्त्याची रक्कमही बहुतेक वर्षे गोठविलेली होती.

अमेरिकेने २०२१ मध्ये एका वर्षापुरता उलट प्रयोग केला. तेथील मुलांमागील करसवलत अत्यल्प उत्पन्नाच्या घरांना पूर्वी पूर्ण मिळत नसे. ती अट काढून रक्कम वाढविण्यात आली आणि जुलै ते डिसेंबर दरमहा, सहा वर्षांखालील मुलामागे ३०० डॉलरपर्यंत व मोठ्या मुलामागे २५० डॉलरपर्यंत रक्कम खात्यांत जमा झाली. अतिश्रीमंत वगळता बहुतेक सर्व कुटुंबे यात आली. सरकारी मदत धरून मोजलेले बालदारिद्र्य २०२० मध्ये ९.७ टक्के होते, ते २०२१ मध्ये ५.२ टक्क्यांवर आले. साथीच्या काळातील इतर मदतीचाही यात वाटा होता. योजनेस मुदतवाढ मिळाली नाही, आणि २०२२ मध्ये तेच प्रमाण १२.४ टक्के झाले.

भत्त्यामुळे जन्म वाढतील, ही शंका पंचायत सदस्यत्वासाठीही दोन अपत्यांची अट असलेल्या महाराष्ट्रात साहजिकच प्रथम विचारली जाईल. ब्रिटनचा आकडा असा आहे : इंग्लंड व वेल्समध्ये १९६४ साली सुमारे ८ लाख ७६ हजार जन्म झाले आणि १९७७ साली सुमारे ५ लाख ६९ हजार. या काळात भत्ता चालू होता, १९६८ मध्ये तो वाढलाही होता. माणसे किती मुले होऊ द्यावयाची ते आठवड्याच्या काही शिलिंगांवरून ठरवीत नाहीत. महाराष्ट्रात तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दर स्त्रीमागे अपत्यांची सरासरी १.७ इतकी खाली आलेली होती.

आपल्याकडील खुणा

भारतात प्रत्येक मुलामागे रोख भत्ता अशी योजना नाही. परंतु उत्पन्न न विचारण्याचे तत्त्व येथे अपरिचित नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ मधील आदेशानंतर शाळांतून शिजविलेले अन्न देण्याची पद्धत देशभर रुजली. सरकारी व अनुदानित शाळेत दुपारी ताट वाढताना शिक्षक कोणाकडे उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेतही कोणास काम द्यावे याची यादी नव्हती. जो मागेल त्याला काम, एवढेच सूत्र होते. याउलट २००२ मध्ये ग्रामीण भागात दारिद्र्यरेषेखालील कुटुंबे शोधण्यासाठी १३ निकषांवर प्रत्येकी ० ते ४ गुण देण्याची जी पद्धत वापरली गेली, तिच्यामुळे खरे गरीब वगळले जाऊन इतरांचीच नावे आल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की केंद्राला नव्या पद्धतीसाठी एन. सी. सक्सेना यांची समिती नेमावी लागली. समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. ग्रामसभेत ती यादी वाचून दाखविताना उठलेला गोंगाट ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ब्रिटनमधील १९७१ च्या योजनेचे काय झाले असेल, हे निराळे सांगावयास नको.

सार्वत्रिक तत्त्व कायद्यात येऊनही अंमलबजावणीत कसे आक्रसते, याचेही उदाहरण जवळच आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने, नियमित सरकारी नोकरीतील वा तत्सम लाभ घेणाऱ्या स्त्रिया सोडून, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेस किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ मध्ये पंतप्रधान मातृवंदना योजना आली ती ५,००० रुपयांची आणि पहिल्याच अपत्यापुरती. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास तिचा समावेश झाला. काटकसरीसाठी ब्रिटनने पहिले मूल वगळले होते. येथे काटकसरीसाठी पहिलेच मूल ठेवले गेले. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सुरू केलेल्या लेक लाडकी योजनेत मुलीच्या जन्मापासून १८ वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण १ लाख १ हजार रुपये देण्याची तरतूद आहे. तेथे दार उघडते ते पिवळ्या वा केशरी शिधापत्रिकेने.

सर्व मुलांसाठी असलेल्या भत्त्याला शिधापत्रिका लागत नाही, दाखला लागत नाही. लागते ती केवळ जन्माची नोंद. आपल्याकडे ग्रामीण भागात ती ग्रामपंचायतीकडे होते आणि १९६९ च्या कायद्याप्रमाणे मूल जेथे जन्मले तेथेच होते. मुदत २१ दिवसांची. वर्ष उलटून गेल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. बीड वा अहिल्यानगर जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराच्या पत्नीस कारखान्याच्या तळावर, कोपीत मूल झाले तर त्याची नोंद त्या परक्या गावी व्हावयास हवी. हंगाम संपून टोळी परतते तोपर्यंत ती मुदत केव्हाच गेलेली असते, आणि गावच्या ग्रामसेवकाला ती नोंद घेता येत नाही. अंगणवाडी सेविकेच्या वहीत असे मूल आढळते, जन्मनोंदवहीत आढळत नाही. उत्पन्नाची अट काढून टाकल्यावरही सार्वत्रिक योजनेतून सुटणारी मुले प्रथम हीच असतील, आणि त्यांचा शोध घेण्याचे काम योजना येण्याची वाट न पाहता पंचायतींना आजही हाती घेता येण्यासारखे आहे.